सेप्सिसमधील प्रथिन-उपचारांची अपुरी राहिलेली बातमी

महोदय,

तीव्र जंतुसंसर्गातून सेप्सिस (संसर्गाला शरीराने दिलेल्या अनियंत्रित प्रतिसादामुळे अवयव निकामी होऊ लागणे) झालेल्या रुग्णाच्या रक्तात एकाच वेळी दोन उलट गोष्टी घडू शकतात. सूक्ष्म रक्तवाहिन्यांत असंख्य गुठळ्या होऊन मूत्रपिंडे, फुफ्फुसे, यकृत यांचा रक्तपुरवठा तुटू लागतो आणि त्याच गुठळ्यांत प्लेटलेट खर्ची पडल्याने सुई टोचलेल्या जागेतूनही रक्त वाहत राहते. गोठण्याला आवर घालणारी अँटिथ्रॉम्बिन आणि प्रोटीन सी ही शरीराची स्वतःची प्रथिने या काळात झपाट्याने घटतात. 'जे कमी पडले ते बाहेरून द्या ना', असे नातेवाईक कळकळीने म्हणतात. एकेकाळी वैद्यकशास्त्रालाही हेच पटले होते.

२००१ मध्ये एलाय लिली कंपनीच्या 'झिग्रिस' या सक्रिय प्रोटीन सीची १,६९० रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. अठ्ठावीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण औषधाविना ३०.८ टक्के, तर औषध घेतलेल्यांत २४.७ टक्के होते; गंभीर रक्तस्राव मात्र २ टक्क्यांऐवजी ३.५ टक्के रुग्णांत झाला. अमेरिकी औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीत दहा विरुद्ध दहा अशी मते पडली, तरीही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये परवानगी मिळाली आणि २००४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत औषधाला स्थान मिळाले. त्यानंतर मृत्यूचा धोका कमी असलेल्या रुग्णांवरील आणि लहान मुलांवरील चाचण्यांत लाभ दिसला नाही. अखेर सेप्टिक शॉकच्या (सेप्सिसमुळे रक्तदाब धोकादायकरीत्या घसरलेल्या) रुग्णांवरील मोठ्या चाचणीत औषध घेतलेल्यांपैकी २६.४ टक्के, तर न घेतलेल्यांपैकी २४.२ टक्के दगावले आणि ऑक्टोबर २०११ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतले. अँटिथ्रॉम्बिनच्या २,३१४ रुग्णांवरील चाचणीत तर २००१ मध्येच मृत्यूंत काहीही फरक आढळला नव्हता. रक्तस्राव मात्र वाढला होता.

प्रथिन घटणे हे आजाराच्या गांभीर्याचे लक्षण असते. ते भरून काढल्याने आजार मागे फिरेलच असे नाही, शिवाय जंतूंना अडकवण्यात गुठळ्यांचाही काही वाटा असतो, असे मला या इतिहासावरून वाटते. जपानमध्ये रक्त गोठण्याची यंत्रणा सिद्धपणे बिघडलेल्या रुग्णांना अँटिथ्रॉम्बिन आणि थ्रॉम्बोमोड्युलिन (गोठण्याला आवर घालणारे आणखी एक प्रथिन) दिले जाते, त्यामुळे हा वाद पूर्ण मिटलेला नाही. परंतु थ्रॉम्बोमोड्युलिनच्या २०१९ मधील आंतरराष्ट्रीय चाचणीतही (औषध घेतलेल्यांत २६.८, न घेतलेल्यांत २९.४ टक्के मृत्यू) फरक खात्रीलायक ठरला नाही. जन्मतःच प्रोटीन सीची तीव्र कमतरता असलेल्या बालकांची गोष्ट निराळी; त्यांच्यासाठी हे प्रथिन खरोखरच जीवनदायी आहे.

आपल्याकडे अशा महागड्या औषधांसाठी कुटुंबे दागिने मोडतात, कर्ज काढतात. म्हणून देऊ केलेल्या औषधाने मृत्यू कमी झाल्याचे किती रुग्णांत दिसले आणि रक्तस्रावाचा धोका किती, हे त्यांना डॉक्टरांनी पैसे मागण्यापूर्वीच स्पष्ट सांगायला हवे. सेप्टिक शॉकमध्ये पहिल्या तासात योग्य प्रतिजैविक देणे, सलाइनने रक्तदाब सावरणे आणि संसर्गाचे मूळ शोधून काढणे यांना आजही पर्याय नाही, आणि ही सोय तालुक्याच्या रुग्णालयातही उभी करता येते. नव्या औषधाच्या आगमनाची बातमी वृत्तपत्रे ठळकपणे छापतात. तेच औषध मागे घेतले गेले, तर ती बातमीही तितक्याच ठळकपणे छापावी, ही आपणास विनंती.

– अतिदक्षता विभागातील एक डॉक्टर, नाशिक