पक्या, मेलेल्या पेशी उठल्या

पुणे, रविवार रात्र

प्रिय पक्या,

आईचा गुडघा तसाच, माझं पित्त तसंच. पुढे.

आमच्या मेलेल्या पेशी उठल्या रे. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "जगल्या तर चांगलंच ना?" म्हणून तुला लिहितोय.

औषध दिलेल्या हेला पेशींना (लॅबमधल्या त्या नेहमीच्या कॅन्सरपेशी) अ‍ॅनेक्सिन, म्हणजे मरू लागलेल्या पेशीला चिकटणारं प्रथिन, लावून फ्लोवर, म्हणजे पेशी एकेक तपासणाऱ्या यंत्रावर, चढवलं. अ‍ॅनेक्सिन पॉझिटिव्ह, पीआय (फाटक्या पेशीतच शिरणारा रंग) निगेटिव्ह असा घसघशीत गठ्ठा. सर मागून म्हणाले, "अर्ली अपॉप्टॉसिस. फिगरमध्ये टाका." म्हणजे पेशींच्या ठरवून मरण्याची सुरुवात. मला खुमखुमी. गठ्ठा सॉर्ट केला, ईडीटीएनं अ‍ॅनेक्सिन धुतलं आणि औषधाविना नव्या प्लेटमध्ये सोडला. परवा बघतो तर बऱ्याचशा बुडाला चिकटून ऐसपैस पसरलेल्या, दोनचार चक्क विभागताना!

पेशी प्लेटवरून सोडवणाऱ्या ट्रिप्सिननं पटल दुखावून झालं असेल, म्हणशील. तू मेल्यावरही तेच म्हणशील. कंट्रोलही त्याच ट्रिप्सिननं उचलला होता आणि तो स्वच्छ होता. शिवाय बफरमध्ये कॅल्शियम (ज्याशिवाय अ‍ॅनेक्सिन चिकटतच नाही) घालायचं विसरून "किट खराब आहे" म्हणत माझ्याशी आठवडाभर अबोला धरणाऱ्यानं बोलूच नये.

सरांचं म्हणणं, फॉस्फॅटिडिलसेरीन, म्हणजे अ‍ॅनेक्सिन ज्याला चिकटतं ते लिपिड, पटलाच्या आतल्या थरातून बाहेर आलं की पेशी संपली. मॅक्रोफेज, मेलेलं खाणाऱ्या पेशी, तेच ओळखून गिळतात, हे १९९२ पासून माहीत आहे, मान्य. पण प्लेटलेटही रक्त गोठवताना तेच बाहेर काढतात, तिथे कॅल्शियम वाढलं की टीएमईएम१६एफ नावाचं स्क्रॅम्बलेज दोन्ही थर ढवळून टाकतं. कॅल्शियम उतरलं आणि फ्लिपेज (लिपिड आत ओढणारं प्रथिन) शाबूत असलं तर लिपिड परत आत जाऊ शकतं. खऱ्या मरणात जपानच्या नागातांच्या गटानं दाखवलंय तसं कॅस्पेज, पेशी मारणारं कात्री-एन्झाइम, दोन्हीकडून कापतं: एक्सकेआर८ हे दुसरं स्क्रॅम्बलेज कापून ढवळणं कायमचं चालू (२०१३), एटीपी११सी हे फ्लिपेज कापून आत ओढणं बंद (२०१४). आमच्या पेशींचं फ्लिपेज अजून धड असावं, असा माझा संशय. बी-लिम्फोमाच्या पेशींत असं मागे फिरणं १९९९ मध्येच छापून आलंय. सरांना पेपर दाखवला तर म्हणाले, "त्या वेगळ्या पेशी."

मला हवंय काय? कॅस्पेज-३ चालू झालं का ते दाखवणारा एक ब्लॉट आणि झेडव्हॅड, म्हणजे कॅस्पेज बंद पाडणारं रसायन, घालून तोच प्रयोग. झेडव्हॅड घालूनही अ‍ॅनेक्सिन चढलं तर कॅस्पेजचा संबंध नाही, मामला दुसऱ्याच स्क्रॅम्बलेजचा. सर म्हणतात, रिव्ह्यूअरनं विचारलं तर बघू. सोमवारी फिगर द्यायची आहे आणि पहिलं नाव माझं. जिवंत माणसाला सातबाऱ्यावर मयत दाखवून खाली मी सही करायची, असला प्रकार. नाही म्हटलं तर शिफारसपत्राचं काय, ते तुला सांगायला नको. तू ज्या फिगरवरून उठून गेलास ती आठवते. तेव्हा मी तुला हट्टी म्हणालो होतो. तू हट्टीच आहेस, ते मागे घेत नाही.

पोस्टर तेवढं आधीच छापून आलंय, त्यावर मोठ्या अक्षरांत "अपॉप्टॉसिस". संध्या ते बघून पोट धरून हसली.

तुझ्या कॉलेजचं नॅक उरकलं का? पोरीचे दात आले? वहिनींना नमस्कार, खरवसाबद्दल अजून रागावल्या असतील तर माझं नाव काढू नकोस.

तुमच्या फ्रीजरमध्ये झेडव्हॅड उरलं असेल तर बर्फात घालून उद्या सकाळच्या कोल्हापूर गाडीनं पाठव. मी स्टँडवर येतो. सरांना विचारणार नाही.

तुझा,
बाळ्या