काळजी नको, बोट काठावरच आहे

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

पत्राला उशीर झाला त्याबद्दल फोनवर बोलणी खाऊन झाली आहेत, म्हणून ते सोडून देतो. तब्येत उत्तम, जेवणखाण वेळेवर, थंडी सरली. आई, ‘पोहता न येणाऱ्याला पाण्यावरची नोकरी दिली कोणी’ असं तू म्हणालीस. अगं, नोकरी पाण्यावरची नाहीच. बोट ट्रेलरवर, ट्रेलर शेडमध्ये आणि मी शिडीवर. चाचणीला तळ्यात जायचंच झालं तर लाइफ जॅकेटचे पट्टे बांधल्याशिवाय मालक बोटीत पाय ठेवू देत नाही.

आणि बाबा, डिप्लोमा करून छत्र्या बसवतो, असं कृपा करून लोकांना सांगू नका. या स्की बोटी आहेत आणि मी त्यांना मिटता येणारं छत बसवतो. मागे दोर, दोर धरून माणूस पाण्यावर घसरत जातो. हा खेळ १९२२ साली मिनेसोटातल्या पेपिन तळ्यावर राल्फ सॅम्युअलसन नावाच्या पोरानं सुरू केला, हे मालक प्रत्येक नव्या माणसाला ऐकवतो. स्पर्धेत बोट ताशी ५८ किलोमीटरपर्यंत पळते. वेग दुप्पट तर वाऱ्याचा जोर चौपट, हे तुम्हीच मला शिकवलंत. तो सगळा जोर छताच्या बिजागऱ्यांवर आणि चार बारक्या स्क्रूंवर येतो.

छत म्हणजे जुन्या जीपच्या हुडासारखंच, पाइपच्या कमानी आणि वर कापड. बिमिनी म्हणतात त्याला. मुख्य कमान बोटीच्या काठावरच्या बिजागरीत बसते. दुसरी कमान मुख्य कमानीवरच्या एका सरकत्या चिमट्यात अडकते, आणि तो चिमटा जागेवर राहतो फक्त एका ग्रब स्क्रूच्या, म्हणजे बिनडोक्याच्या बारक्या स्क्रूच्या जोरावर. इंजिनच्या थरथरीनं स्क्रू सैल पडतो, चिमटा बोटभर खाली येतो, कापडाला झोळ पडतो, झोळात पावसाचं पाणी साचतं आणि त्या वजनानं चिमटा आणखी घसरतो. गिऱ्हाईक येऊन सांगतं, कापड फुकट गेलं, बदलून द्या. कापडाला काहीही झालेलं नसतं! चिमटा परत वर न्यायचा, दोन्ही बाजूंना बिजागरीपासूनचं अंतर टेपनं सारखं करायचं, स्क्रूच्या आट्यांना निळं लॉकटाइट, म्हणजे आटे धरून ठेवणारा डिंक, लावायचं आणि ॲलन कीनं आवळायचं. निळंच. लाल लावलं तर पुढच्या वेळी तापवल्याशिवाय स्क्रू हलत नाही. मग पुढचे पट्टे ओढायचे, त्यानंतर मागचे, कापडाची सुरकुती जाईपर्यंत.

बिजागरीला मात्र तुमचं ‘अजून अर्धा आटा’ चालत नाही, बाबा. खाली फायबर असतं. बोल्ट कचकचून आवळला की वरच्या जेलकोटवर, म्हणजे फायबरच्या गुळगुळीत थरावर, बारीक भेगांचं जाळं उठतं. आतून पट्टी लावायची, भोकात सीलंट भरायचं आणि हाताला पुरेसं लागलं की पाना खाली ठेवायचा. स्टीलच्या बोल्टवर स्टीलचा नट भरभर फिरवला तर आटे एकमेकांना धरतात, मग नट कापूनच काढावा लागतो. म्हणून आट्यांना वंगण आणि हात सावकाश.

आता जे सांगतो ते आजीला मुळीच पटणार नाही. एवढं हौसेनं छत बसवून घेतात आणि ऊन पडलं की मिटून टाकतात. स्की करताना मिटतात, ते समजू शकतं. दोर बोटीच्या मधल्या खांबाला बांधलेला असतो, त्याला छताचे मागचे पट्टे आडवे येतात. चालवणाऱ्याला आरशात मागचा माणूस दिसायला हवा. शिवाय एक जण मागे तोंड करून त्याच्यावर नजर ठेवून बसतो. तो पडला की ओरडून सांगायचं, एवढंच त्याचं काम. रस्त्यानं ट्रेलर नेतानाही मिटतात, नाहीतर वाऱ्यानं कमानी वाकतात. पण दोर गुंडाळून, नांगर टाकून निवांत बसले तरी छत मिटलेलंच! अंगाला क्रीम चोपडतात आणि भर दुपारी उन्हात पालथे पडतात. मग छत कशाला, असं मी एकाला विचारलं. कुत्र्यासाठी, म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता.

असो. पैसे पाठवले आहेत. आधी कर्जाचा हप्ता भरा, उरतील ते हॉलवाल्याला द्या. मी पोटाला चिमटा काढून पाठवतोय असं आईनं मनात आणू नये, हल्ली जादा तास भरपूर मिळतात. जादा तासांचं कारणही सांगून टाकतो. बर्फ गेलं की सगळ्यांना आपापली बोट एकाच आठवड्यात तयार हवी असते, आणि ताईच्या लग्नाची तारीख नेमकी त्यातच आली आहे. रजा मागितली. ‘जा’ म्हणाले, पण परत आल्यावर जागा असेलच असं सांगता येत नाही, म्हणाले. मुहूर्त हलवू नका, एवढ्या खटपटीनं जमलंय. भावानं उभं राहायचं तिथे काकांच्या दादाला उभं करा, तो माझ्यापेक्षा उंच आहे, फोटोत बरा दिसेल. फोन कुणाच्या हातात न देता स्टँडवर लावा म्हणजे मला सगळं नीट दिसेल. मी जागाच असेन.

माझ्यासाठी आलेल्या स्थळाला तूर्त थांबायला सांगा. नाही म्हणू नका, थांबा म्हणा.

ताईला यातलं काही कळू देऊ नका. रविवारी फोन करून मीच सांगतो. आणि बाबा, हॉलवाल्याकडून पावती घ्या.

तुमचा,
धाकटा