टेपचं दुसरं टोक धरणाऱ्या आबांना

आदरणीय आबा,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही हे स्वतः वाचणार नाही, नातवाला मोबाइलवरून मोठ्यानं वाचायला लावाल, हे धरूनच लिहितोय. नावं-गावं मुद्दाम टाळली आहेत.

मार्चचा शेवटचा आठवडा होता. मला रस्त्याच्या कामांवर सरकारी इंजिनीअर म्हणून नोकरीला लागून सात महिने झालेले. रस्ता 1200 मीटर लांब, कागदावर 3.75 मीटर रुंद, वर 20 मिमी कारपेट, म्हणजे डांबराचा पातळ थर. एकूण 4500 चौरस मीटर. एमबीत, म्हणजे कामाची मापं लिहायच्या वहीत, एवढं लिहून सही ठोकली की 31 तारखेच्या आत बिल निघणार. रुंदी कमी आहे हे नुसत्या डोळ्यांना दिसत होतं. ठेकेदार म्हणाला, कडा उन्हाळ्यात भरून देतो. वरिष्ठ म्हणाले, निधी परत गेला तर गावाचंच नुकसान. अकाउंट्समधले भाऊ म्हणाले, नवीन असताना सगळ्यांनाच असं होतं.

आणि मला ते पटायला लागलं होतं. धमकी कुणी दिली नव्हती, पाकीटही पुढे केलं नव्हतं. मी रोज ठेकेदाराच्याच बोलेरोतून साइटवर जायचो, ढाब्यावर त्याच्याच शेजारी जेवायचो. माणूस दिलदार. माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करायचा.

कॉलेजात आम्हाला सत्येंद्र दुबे या इंजिनीअरबद्दल सांगितलं होतं. सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामातला गैरव्यवहार त्यांनी वर कळवला आणि 2003 मध्ये बिहारमधल्या गयेत त्यांना गोळी घालून मारलं गेलं. ऐकताना अंगावर काटा आला होता. पण पुढ्यात मटणाचं ताट असताना एवढी मोठी माणसं आठवत नाहीत हो. रुंदीतल्या 35 सेंटिमीटरसाठी तर नाहीच.

तुम्ही रिटायर झालेले मैलकुली, रस्त्याच्या देखभालीवरचे कामगार, त्या कडुनिंबाखाली बसलेले. भाकरी-ठेच्याचा डबा पुढे सरकवलात आणि माझी रडकथा ऐकून घेतलीत. खरं-खोटं काही काढलं नाहीत. एवढंच विचारलंत, “सायेब, ह्ये बिल निगालं न्हाई तर कुनाकुनाचं अडतंय?”

मी बोटं मोजली. सल्ला देणारे तिघंही त्यात आले.

“मग त्यास्नी इचारून काय उपेग? ज्याचं काय बी अडत न्हाई असा एक तरी गाठा.”

मी म्हटलं, तुम्हीच भेटलात की. तर तुम्ही हसलात. “माजं बी तोलून घ्या. पेन्शन चालू हाय, माजी बदली कोन करनार? मला श्यानपन सस्तात पडतंय. नोकरी तुमची हाय.”

आबा, हे शेवटचं तुम्ही बोलला नसतात, तर मी बोलेरोतून उतरून तुमच्या कडुनिंबाखाली येऊन बसलो असतो, इतकंच. म्हणजे पुन्हा दुसऱ्याच्याच डोक्यानं चाललो असतो.

मग उठलात आणि टेपचं टोक धरलंत. दर 30 मीटरला एक, अशी 41 मापं. उन्हात दीड तास. सरासरी आली 3.40. एमबीत खाडाखोड चालत नाही, म्हणून 4080 लिहिण्याआधी मी आकडा हातावर पेनानं लिहून पाहिला होता, ते तुम्हाला सांगितलं नव्हतं.

बिल 4080चंच निघालं. साहेब पंधरा दिवस कामापुरतंच बोलले. ठेकेदार अजूनही भेटला की आईची चौकशी करतो. ती बहुतेक पहिल्यापासून मनापासूनचीच असावी, आणि म्हणूनच मला जड जात होतं. साइटवर आता स्वतःच्या मोटरसायकलनं जातो. परवा एक मित्र कळकळीनं सांगत होता की बदलीचा अर्ज करच. ऐकता ऐकता माझी बोटं आपोआप मोजायला लागली. तो बिचारा गोंधळला.

तुमचा डबा अजून माझ्याकडेच आहे. रिकामा परत द्यायचा नसतो म्हणून आईनं ठेवून घेतलाय. कुरडया वाळल्या की भरून आणतो.

तुमचा,
सायेब