टूल्सच्या यादीत मराठी कुठंय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत कॉपीरायटर आणि कंटेंट मार्केटिंगवाल्यांसाठी उपयोगी ऑनलाइन टूल्सवर लेख आला होता, तो मी दोनदा वाचला. गेली अकरा वर्षं मी पुण्यात मराठी जाहिराती, वेबसाइटचा मजकूर, सोशल मीडियाच्या पोस्ट लिहिते, त्यामुळे विषय घरचाच. लेख मनापासून आवडला, पण एक गोष्ट खुपली. मराठी पेपरातला मराठी लेख, वाचणारे बहुतेक मराठीत लिहिणारे, आणि यादीतली जवळपास सगळी टूल्स इंग्रजी मजकूर तपासणारी. ग्रामरली इंग्रजीची चूक दाखवतं, हेमिंग्वे इंग्रजी वाक्य अवघड झालं की रंगवून दाखवतं, आणि वाचनसुलभतेचा तो फ्लेशचा स्कोअर १९४८ साली इंग्रजी वाक्यांची लांबी आणि शब्दांतले उच्चारखंड (सिलॅबल) मोजण्यासाठी बनवलेला, त्यात आपला परिच्छेद टाकून जो आकडा येईल त्याचा आपल्याला काहीच उपयोग नाही. नवीन मुलं असल्या याद्या बघून काम सुरू करतात, म्हणून हे पत्र.

सगळ्यात आधी एसएमएसचं सांगते कारण तिथे खरे पैसे जातात. इंग्रजी मेसेजला १६० कॅरेक्टर मिळतात. त्यात देवनागरीचं एक अक्षर जरी आलं की अख्खा मेसेज युनिकोड (सगळ्या लिप्या चालणारी पद्धत) धरला जातो आणि मर्यादा ७० वर येते, ७० च्या वर गेलात तर ६७-६७ चे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याचे वेगळे पैसे. शिवाय कॅरेक्टर म्हणजे अक्षर नव्हे. ‘पुणे’ आपल्याला दोन अक्षरं दिसतात पण प, उकार, ण, मात्रा असे चार मोजले जातात, ‘चतुर्थी’चे सात होतात. मला हे माहीत नव्हतं तेव्हा इथल्याच एका पतसंस्थेच्या सभेचा दीडशे कॅरेक्टरचा इंग्रजी मेसेज मी तेवढ्याच लांबीच्या मराठीत करून दिला, एकाचे तीन झाले, बिल तिप्पट आलं, आणि मेसेज पाठवणाऱ्या एजन्सीने त्यांना सांगितलं की मराठी महाग पडतं हो, इंग्रजीतच पाठवत जा. ते वाक्य मला अजून टोचतं. कारण मराठी महाग पडली नव्हती, मी इंग्रजीच्या मापाने शिवून दिलं होतं. नंतर बसून लिहिलं, ‘सभासदहो, रविवारी सकाळी १० ला वार्षिक सभा. कार्यालयात नक्की या.’ ६२ कॅरेक्टर, एकच मेसेज. अर्थात डीएलटीवर, म्हणजे धंद्याचे मेसेज आधी नोंदवावे लागतात त्या यंत्रणेवर, मजकुराचं टेम्प्लेट पुन्हा मंजूर करून घ्यावं लागलं, त्यात दिवस गेले. एसएमएसचे तुकडे मोजणारी फुकट कॅल्क्युलेटर ऑनलाइन ढिगाने आहेत, मजकूर पेस्ट करा, किती तुकडे पडतात ते लगेच दिसतं. मराठीत लिहिणाऱ्याने क्लायंटला मजकूर पाठवायच्या आधी हे केलंच पाहिजे.

दुसरं, कीवर्ड, म्हणजे लोक गूगलवर शोधताना टाकतात ते शब्द. गूगल ट्रेंड्स फुकट आहे, प्रदेश महाराष्ट्र निवडा आणि एकच गोष्ट देवनागरीत आणि रोमन स्पेलिंगमध्ये शेजारी शेजारी टाकून बघा, लोक कशी शोधतात ते कळतं. त्यातला शंभर म्हणजे शंभर लोक नव्हेत हं, त्या काळातला सगळ्यात वरचा बिंदू म्हणजे शंभर, बाकी सगळं त्याच्या प्रमाणात. उकडीच्या मोदकाची रेघ गणपतीच्या किती आधी चढायला लागते ते बघितलं की मिठाईवाल्याची पोस्ट कधी टाकायची हे वेगळं कुणाला विचारावं लागत नाही. आणि वेबसाइट आधीपासून असेल तर गूगलचंच सर्च कन्सोल उघडा, लोक नेमके कुठले शब्द टाइप करून तुमच्यापर्यंत आले ते तिथे जसंच्या तसं दिसतं, चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घासकट.

इथे एसइओ प्लगइनचा, म्हणजे पान गूगलवर वर यावं म्हणून मजकुरातले कीवर्ड तपासणाऱ्या टूलचा, घोळ होतो. आपल्याकडे शब्दाचं सामान्यरूप होतं, घर म्हटलं की घराला, घरात, घरांची, पैठणी म्हटलं की पैठणीच्या, पैठण्यांवर. इंग्रजीच्या हिशोबाने चालणाऱ्या प्लगइनला हे सगळे वेगळे शब्द वाटतात, ते लाल दिवा दाखवतं, मग दिवा हिरवा करायला पोरं लिहितात ‘पुणे मध्ये पैठणी साडी खरेदी’. असं बोलतं का कुणी लक्ष्मी रोडवर? ‘पुण्यात पैठणी कुठे घ्यावी’ असंच विचारतात ना माणसं, मग तसंच लिहा, दिवा लाल राहू दे.

आता ज्यांचा खरंच आधार वाटतो ती टूल्स. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, आपल्या पुण्यातच १९३२ ते ३८ मध्ये सात खंडांत निघाला, तो शिकागो विद्यापीठाच्या साइटवर पूर्ण शोधता येतो, आणि मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोशही तिथेच आहे. एका मसालेवाल्यासाठी लिहिताना ‘स्वादिष्ट’ आणि ‘चविष्ट’ लिहून लिहून कंटाळले होते, एक संध्याकाळ या कोशांत घालवली आणि खमंग, खरपूस, चरचरीत, झणझणीत यांच्यातला फरक पुन्हा नीट समजला, खरपूस म्हणजे भाजण्याची गोष्ट, झणझणीत म्हणजे जिभेची, दोन्ही एका ओळीत कोंबायचे नाहीत. बँकेचं किंवा सरकारी काम असेल तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन आहेत. सगळेच शब्द जाहिरातीत चालतील असं नाही पण अडलेली गाडी सुटते.

गूगल डॉक्समधलं व्हॉइस टायपिंग मराठीत चालतं, क्रोममध्ये उघडा. विरामचिन्हं आपली आपण घालायची. मी जाहिरात आधी मोठ्याने बोलते, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलावं तशी, मग उमटलेलं दुरुस्त करते. इंग्रजी ब्रीफ समोर ठेवून टाइप केलं की ‘मर्यादित साठा, घाई करा’ येतं, बोलून बघितलं की ‘संपायच्या आत या’ येतं. एआयच्या टूल्सचंही तेच, मसुदा पटकन निघतो पण वाचताना हिंदीचा नाहीतर इंग्रजीचा वास येतो, आणि हल्ली एजन्सीवाले सर्रास म्हणतात की एआयने काढलंय मॅडम, तुम्ही फक्त चेक करून द्या, निम्म्या पैशात. तो चेक म्हणजे पहिल्यापासून लिहिणंच असतं, हे कुणीतरी त्यांना सांगायला हवं.

फॉन्टबद्दल थोडक्यात. मुक्त आणि बलू हे ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्यांचे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत, युनिकोड आहेत, वेबवर तुटत नाहीत. फॉन्ट निवडताना ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ दोन्ही टाइप करून बघा, आणि ल, श बघा. पाकळीचा ल आणि देठाचा श ही आपली वळणं, राज्य सरकारनेही ती नक्की करून दिली आहेत, तरी होर्डिंगांवर हिंदी वळणाचा ल सर्रास दिसतो.

आता विनंती. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपल्या पेपराने पानं भरून छापलं होतं, ते कात्रण माझ्याकडे आहे. पुढच्या वेळी टूल्सची यादी छापाल तेव्हा प्रत्येक टूलमध्ये एक मराठी परिच्छेद टाकून बघा आणि चाललं की नाही ते नावापुढे लिहा, एवढंच. परिच्छेद मी देते, जोडाक्षरं, रफार, ऱ्या आणि सामान्यरूपं सगळं असलेला, माझ्याकडे तयार आहे.

आपली,
एक कॉपीरायटर, कोथरूड, पुणे