टाइमिंग वाढवलं म्हणजे ट्यूनिंग झालं का?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पुरवणीत गाडीच्या ईसीयू रीमॅपवर, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलण्यावर, लेख आला होता, वाचायला मजा आली, पण त्यात एक वाक्य खटकलं की इग्निशन टाइमिंग जितकं अॅडव्हान्स, म्हणजे प्लगची ठिणगी जितकी आधी, तितका पिकअप जास्त. माझं संभाजीनगरात गॅरेज आहे अन् हेच ऐकून पोरं लॅपटॉपवाल्याकडून गाड्या करून आणायलेत, म्हणून लिहायलोय.

पिस्टन वर पोचायच्या आधीच प्लग ठिणगी टाकतो, कारण पेट्रोल एका झटक्यात जळत नाही, आग पसरायला दोन-तीन मिलिसेकंद जातात. ३००० आरपीएमला (मिनिटाला ३००० फेरे) एका मिलिसेकंदात क्रँक, म्हणजे पिस्टननं फिरणारा दांडा, १८ डिग्री फिरतो अन् ६००० ला ३६, म्हणून आरपीएम वाढला की ठिणगी अजून आधी लागते. हा सगळा खटाटोप कशासाठी, तर सिलिंडरमधलं सगळ्यात जास्त प्रेशर पिस्टन खाली निघाल्यावर, टीडीसीनंतर (पिस्टन अगदी वर असतो ती जागा) साधारण १५ डिग्रीला यावं. लवकर आलं तर वर येणाऱ्या पिस्टनलाच ते दाबतं, म्हणजे इंजिन स्वतःशीच कुस्ती खेळतं. ज्या टाइमिंगला प्रेशर बरोबर जागी येतं, त्याच्याही आधी अजून २ डिग्री ठिणगी टाकली तर पॉवर घटते, आवाज येवो न येवो.

अन् फुल लोडला बऱ्याच गाड्या त्या टाइमिंगपर्यंत पोचतच नाहीत, आधीच नॉकिंग सुरू होतं, म्हणजे उरलेलं पेट्रोल आपोआप भडकून इंजिनात टकटक होते. हलक्या पायानं पैठण रोडला चाललात तर ३०-३५ डिग्री अॅडव्हान्स खपून जातो, पण मे महिन्यात पाच माणसं, एसी चालू, कन्नड घाटात वरच्या गियरला तेवढाच दिला तर पिस्टनचं काही खरं नाही. आत येणारी हवा तापली की कंपनीचा मॅप, म्हणजे ईसीयूमधला टाइमिंगचा तक्ता, टाइमिंग आपोआप मागं घेतो. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा ४२-४३ ला जातो, बोनेटखालचं तर विचारूच नका, अन् हे लोक मॅप करून देतात डिसेंबरातल्या गार सकाळी!

अँबॅसिडर-पद्मिनीच्या काळात डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट ढिला करून हातानं केसभर फिरवायचे, चढावर कानाला टकटक आली की परत मागं. आता तो कान म्हणजे ब्लॉकला कसलेला नॉक सेन्सर. त्यानं आवाज पकडला की ईसीयू काही डिग्री काढून घेतो अन् मग हळूहळू परत देतो. म्हणजे ट्यूनरनं ४ डिग्री टाकायचे अन् ईसीयूनं दिवसभर ५ काढायचे, गाडी पहिल्यापेक्षा मंद, तरी मालक खूश. काही महाभाग तर सेन्सरची सेन्सिटिव्हिटीच कमी करून ठेवतात, म्हणजे तक्रारच नको. अशीच एक गाडी आमच्याकडं खोलली तर पिस्टनची रिंगांमधली कड तुटलेली अन् प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर बारीक चमकदार ठिपके, ते पिस्टनचं अॅल्युमिनियम.

बरं, टाइमिंग मागं ठेवलं की सेफ, असंही नाही. जास्त रिटार्ड केलं तर पेट्रोल उशिरापर्यंत जळतं, एक्झॉस्ट तापतो, टर्बो अन् कॅटलिस्ट (धूर साफ करणारा भाग) भाजतात, अॅव्हरेज तर पडतंच.

ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दलही लई गोंधळ आहे. इथेनॉलनं ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग टाळायची ताकद, वाढतो, साध्या पेट्रोलचा ९१ तर ई२० चा ९५ च्या आसपास, त्यामुळं अॅडव्हान्सला थोडी जागा मिळते हे खरं. पण इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच, म्हणून आपल्याच उसाचं असलं तरी अॅव्हरेजचा हिशोब वेगळाच लागणार. डिझेलवाल्यांनी तर ह्यात पडूच नये, तिथं ठिणगीच नसते, जे काही टाइमिंग आहे ते इंजेक्शनचं.

लेखाचा पुढचा भाग छापणार असाल तर एवढं जरूर टाका, की पैसे द्यायच्या आधी ट्यूनरला भर दुपारी, गाडीत माणसं बसवून, चढावर काढलेला लॉग (ईसीयूची नोंद) मागा. त्यात आरपीएम, लोड, इनटेकचं टेंपरेचर अन् प्रत्येक सिलिंडरला नॉकमुळं किती डिग्री मागं गेलं हे दिसलं पाहिजे. नुसता डायनोचा (गाडी जागेवर चालवून पॉवर मोजायच्या यंत्राचा) कागद दाखवत असेल तर गाडी आहे तशीच घरी आणा.

– एक गॅरेजवाला, छत्रपती संभाजीनगर