आई, रस्ता सोपा होता

सॉल्ट लेक सिटी, युटा
कोजागिरीनंतरचा रविवार

ती. अण्णा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आजीला फोनवर माझं धड ऐकू येत नाही आणि व्हिडिओ कॉल लावला की ती नुसती माझ्याकडे बघून रडते, म्हणून हे पत्र. वहिनी, दुपारच्या चहानंतर तिला सावकाश वाचून दाखवा. तिच्या डोळ्याची पट्टी निघाली, भिंतीवरचं कॅलेंडर तिने स्वतः वाचलं, हे दादाने कळवलं तेव्हा जीव भांड्यात पडला. मोतीबिंदूचं ऑपरेशन हल्ली किरकोळ असतं हे मलाही माहीत आहे. पण त्या दिवशी मी तिथे असायला हवी होते.

मी अगदी खुशाल आहे. जेवण वेळेवर होतं, थंडीचे कपडे आहेत, ऑफिस नेहमीसारखं.

आता आई, आमच्या मोआबच्या जीपच्या सहलीबद्दल आणि त्या व्हिडिओबद्दल. आत्याने तुला पाठवलेल्या त्या व्हिडिओत खडकावर उभी चढणारी जी जीप आहे, तिच्यात मी नव्हते आणि तो रस्ताही आमचा नव्हता. मोआब गावाभोवती असल्या कातळांवर गाड्या चढवणारे हौशी लोक खूप येतात, हे खरं आहे. पण त्याच गावाच्या आसपास साधे कच्चे रस्तेही आहेत. कोरडं असलं की म्हातारी माणसं, लेकुरवाळी कुटुंबं तिथून आरामात जातात. आम्ही तसलेच रस्ते निवडले. गाडी चालवत होते माझ्या ऑफिसातले बार्शीचे भाऊ, सोबत त्यांची बायको आणि त्यांचा सहा वर्षांचा मुलगा. पोराला घेऊन कोणी जीव धोक्यात घालतं का?

इथून मोआब मोटारीने चार तासांवर. जीप तिथेच भाड्याने घेतली, कारण साध्या भाड्याच्या गाड्या कच्च्या रस्त्यावर नेऊ देत नाहीत. पहिला रस्ता शेफर ट्रेल. कॅनियनलँड्स नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे, 1964 साली झालेलं. तिथल्या उंच पठारावरून हा रस्ता खाली दरीत उतरतो. साधारण पंधराशे फूट उतार, लाल कड्याच्या पोटातून वळणं घेत घेत. आधी ही इथल्या मूळ लोकांची पायवाट होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेफर नावाच्या कुटुंबाने तिच्यावरून गुरं न्यायला सुरुवात केली, आणि 1950 च्या दशकात युरेनियम शोधायचं वेड पसरलं तेव्हा ट्रक जावेत म्हणून ती रुंद केली. लादलेले ट्रक जिथून वर आले, तिथून आमची जीप खाली गेली.

कठडा नाही, हे मी लपवत नाही. पण वेग माणूस पळेल इतकाच. गाडी फोर-लोमध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या सगळ्यात हळू गिअरमध्ये टाकली की इंजिनच तिला धरून ठेवतं, ब्रेकवर पाय ठेवून बसावं लागत नाही. समोरून गाडी आली तर चढणाऱ्याला आधी वाट. नांदुरीहून सप्तशृंगीला चढताना एसटीचा ड्रायव्हर जो नियम पाळतो, तोच इथेही. तू दर नवरात्रात त्या घाटाने खिडकीत बसून गडावर जातेस आणि मला सांगतेस घाट कसा सुंदर दिसतो. मग माझी काळजी का?

निघायच्या आधी टायरमधली हवा 35 पौंडांवरून 20 वर आणतात. अण्णांना लगेच कळेल कशासाठी. टायर पसरतो, वाळू धरतो आणि दगडावर आदळत नाही. डांबरी रस्त्यावर परतल्यावर छोट्या कंप्रेसरने पुन्हा भरायची. मोबाइलला रेंज नसते, म्हणून उपग्रहावरून निरोप धाडणारं एक यंत्र भाऊंच्या खिशात होतं. संध्याकाळी दादाला ‘पोहोचलो’ असा मेसेज आला तो त्याच्यावरूनच. पाणी माणशी दिवसाला चार लिटर, शिवाय वर थोडं जास्तीचं. आणि पावसाचं चिन्ह असेल तर जायचंच नाही, हा सगळ्यात मोठा नियम. ओनियन क्रीक नावाच्या दुसऱ्या रस्त्यावर एकच ओढा दोन डझनांहून जास्त वेळा ओलांडावा लागतो. पाणी घोट्याएवढं, पोरगा प्रत्येक वेळी टाळ्या पिटत होता. पण लांब डोंगरावर पाऊस झाला तर इथे ऊन असतानाही त्या ओढ्याला लोंढा येतो. आम्ही सकाळी आकाश बघितलं, हवामान बघितलं, वनखात्याच्या कचेरीत विचारलं आणि मगच निघालो.

पण मला खरं सांगायचंय ते इथल्या एका रीतीबद्दल. मला ती कळायला वेळ लागला, आणि अण्णांना तर पटणारच नाही. इथे रिकाम्या जमिनीवर कोणी पाय ठेवत नाही.

म्हणजे बघा, दहा-दहा मैल माणूस नाही, झाड नाही, लाल माती आणि खुरटी झुडपं. आपण काय करू? गाडी थांबवू, उतरू, जरा बाजूला जाऊ, फोटो काढू. मी तसंच निघाले तर बार्शीच्या वहिनींनी मला हाताला धरून मागे ओढलं. पुढे एका जागी एक गोरी आजीबाई आपल्या नातवाला दटावत होती, मुलगा रडत होता, आणि त्याने केलं काय होतं? वाटेच्या कडेच्या मातीवर उभा राहिला होता. चालायचं तर गाडीच्या चाकोरीत, नाहीतर उघड्या कातळावर, नाहीतर ओढ्याच्या कोरड्या वाळूत. मातीवर नाही. गाडी तर चाकोरीबाहेर एक फूटही न्यायची नाही, समोरून कोणी आलं तर मागे घेऊन रुंद जागी थांबायचं.

कारण ती माती जिवंत आहे. खाली बसून जवळून पाहिलं तेव्हा दिसलं. वरचा थर काळपट, उंचसखल, करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा. बोटभर उंचीचे बारीक बारीक कंगोरे, मध्येच शेवाळाचा हिरवा ठिपका, मध्येच दगडफुलाचा पांढरा. हे मुख्यतः नील-हरित शैवालाचं काम. इगतपुरीकडचे लोक भाताच्या खाचरात जे शैवाल सोडतात ना अण्णा, त्याच जातकुळीचं. ओल मिळाली की ते मातीत सरकतं आणि मागे चिकट धागे सोडतं. त्या धाग्यांनी वाळूचा कण न् कण बांधला जातो. वाऱ्याने उडत नाही, पावसाने वाहून जात नाही. शिवाय ते हवेतला नत्र जमिनीत आणतं, आपल्या हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठी आणतात तसाच. या वाळवंटात कोणी शेणखत टाकत नाही, युरिया टाकत नाही. झुडपांना जे काय मिळतं त्यातलं बरंचसं या काळ्या थराकडून. आणि एक पाऊल पडलं की तो चुरतो. पुन्हा तसाच बनायला कित्येक दशकं लागतात. म्हणजे आज मी पाय ठेवला, तर माझी पोरं म्हातारी होतील तरी तो ठसा पुरता भरून येणार नाही.

मला आधी वाटलं, एवढं काय! आपण तर नांगरट केल्याशिवाय जमीन जिवंत धरतच नाही. पण तिथे माहिती देणाऱ्या बाईंनी पुढची गोष्ट सांगितली. हा थर मोडला की माती सुटते, धूळ उडते आणि पूर्वेला रॉकी पर्वताच्या बर्फावर जाऊन बसते. धुळीने बर्फ काळवंडतो, ऊन जास्त ओढतो आणि वेळेआधी वितळतो. त्या बर्फाचंच पाणी कोलोरॅडो नदीला येतं, आणि या नदीवर जवळजवळ चार कोटी लोकांचं पिण्याचं पाणी आणि शेती अवलंबून आहे. अण्णा, तुम्ही गंगापूर धरणात किती टक्के साठा राहिला ते रोज पेपरात बघता. इथल्या शेतकऱ्याचं धरण आधी डोंगरावर बर्फ होऊन साठतं, एवढाच फरक. हे ऐकल्यावर मी चाकोरी सोडली नाही. फोटोत मी प्रत्येक ठिकाणी कातळावर उभी दिसेन, ते त्यामुळे.

शेफर ट्रेल दरीत उतरला की पुढे पोटॅश रोडने नदीच्या कडेने मोआबला परत येतो. पोटॅश म्हणजे आपला खताचाच पोटॅश! वळण घेतलं तर समोर लाल डोंगर आणि त्यांच्या पायथ्याशी निळेभोर तलाव, इतके निळे की आकाश फिकं वाटावं. एकूण चारशे एकर. तीस कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र आटला आणि त्याचं मीठ, पोटॅश सगळं जमिनीखाली गाडलं गेलं. आता नदीचं पाणी खोल पोटात सोडतात, ते पोटॅश विरघळवून वर आणतात आणि या उथळ तलावांत उन्हात वाळवतात. निळा रंग मुद्दाम मिसळतात, म्हणजे पाणी ऊन जास्त शोषतं आणि लवकर आटतं. काठाला पांढरा थर जमलेला दिसत होता. आधी तिथे खोल खाण होती. 1963 साली तिच्यात स्फोट होऊन अठरा कामगार गेले, आणि 1970 च्या सुमाराला माणसं खाली उतरवायचं बंद करून ही पाण्याची पद्धत आणली. कुंपणापाशी उभं राहून मी ते बघत होते आणि डोळ्यांपुढे आपलं गोठ्याशेजारचं खताचं कोठार. हा उसाला देतात तो म्युरिएट, आपण द्राक्षाला पाणी उतरताना झिरो झिरो पन्नास खत देतो त्यातला वेगळा. पण आपल्या देशात पोटॅश सगळा बाहेरूनच येतो असं तुम्ही दरवर्षी भाव वाढले की म्हणता, तेव्हा ‘बाहेर’ म्हणजे काय ते मला कधी कळलं नव्हतं. अण्णा, तुम्ही शेजारी हवे होतात. तुम्ही त्या फाटकावरच्या माणसाला शंभर प्रश्न विचारले असते.

दुसऱ्या दिवशी ला साल डोंगरावर गेलो. वाळवंटातून तासाभरात पाइन आणि ॲस्पेनच्या जंगलात. ॲस्पेनची पानं सगळी पिवळी झाली होती. तिथलं सर्वांत उंच शिखर 3877 मीटर, आपली कळसूबाई 1646. आम्ही शिखरावर नाही गेलो, गायझर पासपर्यंत गाडीने, तेही साडेदहा हजार फुटांच्या आसपास. रस्ता खडीचा, चांगला. हवा विरळ असते म्हणून पोराला जरा धाप लागली, पाणी पाजलं, बसवलं, झालं.

कोजागिरी तिथल्या तंबूच्या तळावर केली. वहिनींनी शेगडीवर दूध आटवलं, मी तू पाठवलेला मसाला आणला होता. शेजारच्या तंबूतल्या दोन बायकांनाही दिलं. त्यांनी वेलची ओळखली, केशर नाही ओळखलं. जेवायला धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी होती, म्हणजे मी काय खाल्लं हाही प्रश्न मिटला.

मोआबला जायला सुट्टी मिळते आणि दिवाळीला घरी यायला मिळत नाही, असं तुमच्या मनात आलं असेल. आई म्हणाली नाही, पण फोनवर गप्प झाली होती. सुट्टीचा प्रश्न नाही गं. माझा पासपोर्टावरचा व्हिसाचा शिक्का संपलाय. नवीन शिक्का मुंबईत घ्यावा लागतो आणि तारीख मिळाल्याशिवाय आले तर परत यायचं अडेल. नोकरी गेली तर द्राक्षबागेवरच्या प्लास्टिकच्या आच्छादनाचं कर्ज कोण फेडणार? तारीख मिळाली की त्याच दिवशी तिकीट काढते. आजीला हे नीट समजावून सांगा, माझ्या वतीने रागावू नका कोणी.

दीड लाख दादाच्या खात्यावर टाकलेत. त्यातून आधी सोसायटीचा हप्ता भरा, मग प्लास्टिकच्या आच्छादनाचा ॲडव्हान्स द्या. उरलेले जानेवारीत पाठवते. अण्णा, यंदा निदान दोन एकर तरी झाका. मागच्या वर्षीच्या अवकाळीने मणी तडकले तेव्हा तुम्ही फोनवर ‘ठीक आहे’ म्हणालात आणि मला रात्रभर झोप लागली नाही. छाटणी झाली का, पेस्ट लावली का, डोळे कसे फुटलेत ते कळवा. डावणी रोगासाठी फवारताना तोंडाला मास्क लावा, रुमाल नको.

आणि ते ओझरचं स्थळ. तो मुलगा इथे टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात असतो, त्याच्याशी मी बोलते आहे. तो सभ्य आहे, घरच्यांबद्दल आपुलकीने बोलतो, त्याच्या वडिलांचीही द्राक्षबाग आहे. पण पत्रिका जुळते एवढ्यावर मी हो म्हणणार नाही. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुट्ट्या असतात, तेव्हा तो इकडे येईल, बार्शीच्या भाऊ-वहिनींच्या घरी भेटू, एकटी नाही भेटणार. त्यानंतर मी स्वतः तुम्हाला सांगेन, हो किंवा नाही. तोवर त्यांच्या घरच्यांना कुठलीही तारीख देऊ नका. माझ्यामुळे तुम्हाला चार लोकांत उत्तरं द्यावी लागतात, याचं मला वाईट वाटतं. तरी एवढा वेळ मला द्या.

आजीला साष्टांग नमस्कार. तिचे डोळ्यांतले थेंब चुकवू नका. दादा-वहिनींना नमस्कार, छोट्याला गोड पापा. त्याच्यासाठी एक लाल दगड ठेवलाय. दुकानातून घेतलाय, उद्यानातून उचलता येत नाही.

तुमची,
धाकटी

ता. क. आई, त्या मुलाचा फोटो आत्याला अजून पाठवू नकोस. आणि दादा, पैसे जमा झाले की लगेच मेसेज कर, मागच्या वेळी बँकेत तीन दिवस अडकले होते.