डॉक्टरबाईंस जाहीर आभाराचे पत्र

आदरणीय डॉक्टरबाई,

सादर नमस्कार.

आपले आभार समक्ष मानायला गेले की माझा गळा दाटून येतो, म्हणून हे लिहीत आहे.

आपल्याकडे येण्यापूर्वी एका दवाखान्यात माझ्या पंधरा वर्षांच्या मुलाला बाहेर बसलेल्या सगळ्यांसमोर वजनकाट्यावर उभे केले गेले, आकडा मोठ्याने वाचला गेला आणि ‘जिभेवर ताबा ठेव’ एवढ्यावर त्याची बोळवण झाली. वाढत्या वयाच्या मुलाला चारचौघांत असे लाजवून कोणाचे वजन उतरले आहे, हे त्या गृहस्थांना विचारावेसे मला आजही वाटते. त्यानंतर त्याने शाळेच्या मैदानावर जाणेच सोडले.

आपण मात्र आधी दार लोटून घेतलेत. त्याला काट्याकडे पाठ करून उभे राहायला सांगितलेत, आकडा न उच्चारता कागदावर टिपलात, तो कागद टेबलावर पालथा ठेवलात आणि विचारलेत, “तुला बघायचा आहे, की आज नको?” तो हळूच म्हणाला, “आज नको.” आपण “बरं” म्हणालात आणि कागद फाईलमध्ये ठेवून दिलात. त्याच्या वजनावर आजवर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने मत दिले होते. त्याची इच्छा कोणी विचारली ती त्या दिवशी प्रथमच. खुर्चीवर बसताना तो पाठ टेकून बसला, हे आईच्या नजरेतून सुटले नाही.

पथ्यही आपण त्याच्या एकट्याच्या माथी मारले नाही. जिथे सकाळ पोहे-जिलबीने उजाडते आणि रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत पाय ठेवायला जागा नसते, त्या इंदुरात एका मुलाचे ताट वेगळे काढणे म्हणजे त्याला घरात परके करणे, हे आपण ओळखलेत. पोहे राहिले, पण त्यांवर शेवेऐवजी मोडाची मटकी आली, आणि तीही सर्वांच्या बशीत. शेवेची बरणी त्याच्या बाबांनी स्वतः टेबलावरून हलवली. “नातवाला आग्रह करायचाच तर ताकाचा करा,” हे आपले वाक्य सासूबाई आता आल्यागेल्याला ऐकवतात. उंची वाढत असताना पुष्कळदा वजन स्थिर राहिले तरी पुरते, हे आपण सांगितलेत तेव्हा तर माझ्या जिवावरचे ओझे उतरले. रोज 60 मिनिटे खेळ किंवा सायकल आणि रात्री किमान 8 तास झोप, एवढे तो आता न सांगता पाळतो. बाबाही त्याच्याबरोबर बिलावली तलावापर्यंत सायकलने जातात.

विद्वान माणसे या शहरात पुष्कळ आहेत. समोरचा वयाने लहान असला तरी त्याचा मान राखावा, एवढे सौजन्य ज्यांच्या अंगी आहे, अशी माणसे भेटली की आईबापांना किती धीर येतो, हे आपल्याला कळावे असे मनापासून वाटते.

पुढच्या वेळी आपल्याशी एकट्यानेच बोलायचे आहे, आईने बाहेर बसावे, असे त्याने मला सांगितले आहे. तशी सवड आपण त्याला द्यावी, ही विनंती.

आपली ऋणी,
एका मुलाची आई, इंदूर